कोबीचा चौथा बूट: घोटा उघडा टाकून नेमकं काय मिळालं?

आठ-चोवीस

परवा संध्याकाळी आमच्या कोर्टवर पेटलेला वाद इथं आणतोय. आमच्यात नवीन आलेला एक मुलगा (इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, उडी झकास, पास देणं मात्र पाप समजतो) घोट्याच्या खाली संपणारे बूट घालून आला. बाकावर बसलेले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "टेनिसला निघालास का? पाय मोडून घेशील." मी मध्ये पडलो. म्हटलं, काका, या वादाचा निकाल २००८ सालीच लागलाय. ते म्हणाले, "कुणी लावला? कंपनीनं?"

मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या २००८ च्या बुटावर हा धागा.

थोडं मागून सुरू करतो. (अवांतर: आपल्या पेपरांनी त्याचं नाव 'कोबी' छापलं, मीही तेच लिहिणार. आईबापांनी जपानच्या प्रसिद्ध कोबे बीफवरून ठेवलेलं नाव आपल्याकडे येईपर्यंत भाजी झालं.) कोबी ब्रायंट १९९६ साली शाळेतून थेट एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) आला तेव्हा पायात आदिदास होते. तिथले त्याचे शेवटच्या काळातले बूट ऑडी टीटी गाडीवरून बेतलेले होते. दिसायला गाडी आणि घातल्यावरही गाडीच. २००२ मध्ये तो करार मोडून बाहेर पडला, २००३ मध्ये नायकीकडे गेला. २२ जानेवारी २००६ ला टोरोंटोविरुद्ध ८१ गुण काढले ते नायकीनं त्याच्या नावानं काढलेला पहिला बूट, झूम कोबी १, घालून. पहिले तिन्ही बूट रीतसर घोटा झाकणारे होते.

चौथ्याच्या वेळी गंमत झाली. कोबीचं लहानपण इटलीत गेलं, वडील तिथं बास्केटबॉल खेळायचे आणि पोरगं फुटबॉलवेडं, एसी मिलानचं भक्त. त्याचा सवाल साधा होता. फुटबॉलवाले भर वेगात थांबतात, वळतात, वर समोरचा पायावर लाथ घालतो, तरी त्यांचा बूट घोट्याखाली संपतो. मग आम्हालाच हा गळपट्टा कशाला? डिझायनर एरिक अ‍ॅव्हार. हाच माणूस १९९७ च्या फोमपोझिटचाही कर्ता, म्हणजे साच्यात ओतल्यासारखा जाडजूड बूट करणारा. त्याला कोबीनं सांगितलं, खाली आण.

२००८ च्या डिसेंबरात कोबीच्या पायात तो दिसला, २००९ च्या सुरुवातीला दुकानात आला. वजन ११.६ औंस, म्हणजे साधारण ३३० ग्रॅम. काही महिने आधी हायपरडंक आला होता (कोबी धावत्या अ‍ॅस्टन मार्टिनवरून उडी मारतो तो व्हिडिओ आठवा, आमच्या हॉस्टेलवर त्यावरून दोन पैजा लागल्या होत्या), तो १३ औंसांचा आणि तरी 'हलका' म्हणून गाजला होता. दोन्हींत फ्लायवायर: लेसच्या भोकांपासून सोलपर्यंत ताणलेले पक्के धागे. ताण धाग्यांनी घेतला की वरचं कापड नुसतं कातडीसारखं पातळ ठेवता येतं.

माझ्या चुलतभावाची २००९ ची जोडी माझ्याकडे आहे. आता खेळण्यालायक नाही, पुढून सोलचा डिंक सुटलाय, चालताना जीभ काढल्यासारखा दिसतो. पण हातात घेऊन बघण्यासारखी वस्तू आहे. बाजूला बोट फिरवलं की कातडीखालचे धागे मोजता येतात, सतारीच्या तारांसारखे. आणि आत टाचेच्या जागी दोन बोटं घातली की कळतं खरा खेळ कुठं आहे ते. टाचेच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या हाडाच्या बरोब्बर खाली, फोम आत फुगलेला आहे. पाय आत गेला की टाच त्या खळग्यात अडकते, वर उचलली तरी बूट सोबत येतो. म्हणजे पकड वरून काढली आणि खाली आणली.

माझं म्हणणं एवढंच: गेल्या २० वर्षांत बास्केटबॉलच्या बुटात एवढा मोठा बदल दुसरा झाला नाही. त्याआधी नावाजलेल्या खेळाडूचा बूट म्हणजे घोटा झाकणार हे गृहीत होतं. आज एनबीएचा कुठलाही सामना लावा आणि घोटे मोजा. हा बूट घालून त्यानं २ फेब्रुवारी २००९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ६१ काढले, फ्री थ्रो २० पैकी २०. त्याच मोसमात विजेतेपद.

मतं मांडा. ज्यांना बूट म्हणजे फक्त रंग वाटतो त्यांनीही मांडा.

---

सिमेंटकोर्ट

बाकावरचा वडीलधारा मीच. "गृहस्थ" म्हटल्याबद्दल आभार, कोर्टवर तुम्ही पोरं काय म्हणता ते ऐकू येतं मला.

आता मुद्दे. पहिला, हे काही नवीन नाही. आदिदास सुपरस्टार हा १९६९-७० चा बूट. चामड्याचा, घोट्याखाली संपणारा, आणि खास बास्केटबॉलसाठी काढलेला. करीम अब्दुल-जब्बार घालायचा. त्याचाच उंच भाऊ होता प्रो मॉडेल. म्हणजे खेळाडूला तेव्हाही निवड होती. १९७३ ला वॉल्ट फ्रेझरच्या नावाचा प्यूमा क्लाइड आला, तोही खालच्या कापाचा, साबरासारख्या चामड्याचा. 'नावाजलेल्या खेळाडूचा बूट घोटा झाकणार हे गृहीत' असं तू लिहिलंस, ते इथंच कोसळतं. ३५ वर्षांनी तीच गोष्ट परत आणली आणि तुम्ही तिला क्रांती म्हणता. आमच्या आजीची नऊवारी आता फॅशन शोमध्ये येते तसं.

दुसरा, तुझ्या नायकाचं पुढं काय झालं ते का नाही लिहिलंस? १२ एप्रिल २०१३, गोल्डन स्टेटविरुद्ध, डाव्या पायाची टाचेमागची शीर तुटली. पायात कोबी ८, तोही खालच्या कापाचा. त्याच्या आधीच्या महिन्यात अटलांटात घोटा असा वळला होता की बघवत नव्हतं. आणि त्यानंतर आलेला कोबी ९ एलिट कसा होता? घोट्याच्या वर, नडगीला टेकेल असा! मुष्टियोद्ध्याच्या बुटासारखा. पाच वर्षं खालचा काप चांगला म्हणून विकला आणि शीर तुटल्यावर बूट गुडघ्याकडे निघाला. यातून मी काय समजायचं?

तिसरा मुद्दा माझा रोजचा. माझ्याकडे १२ ते १६ वयाची पोरं येतात. त्यांच्या घोट्यांची जबाबदारी माझी, कोबीची नाही.

---

हिशोबनीस

काकांना अनुमोदन. मी खेळत नाही, फक्त बघतो आणि हिशोब करतो. घोट्यावरचं कापड, फोम, लेसची दोन भोकं कमी. किंमत कमी? कोबी ४ चे १२० डॉलर, घोट्यापर्यंतच्या बुटांच्या पंगतीतच. बरं, कापड परत वर चढवलं तेव्हा? कोबी ९ एलिट २२५ डॉलर. गळा उतरला तेव्हा भाव उतरला नाही, गळा चढला तेव्हा मात्र चढला. बाकी चर्चा चालू द्या.

---

आठ-चोवीस

काका, दंडवत. तुम्ही इथं आहात माहीत असतं तर 'तरुण गृहस्थ' लिहिलं असतं.

सुपरस्टार आणि क्लाइडबद्दल मान्य, पूर्ण मान्य, 'गृहीत' हा शब्द मागे घेतो. पण मग मधली ३० वर्षं काय झालं ते बघा ना. ८० च्या दशकात मायकेल जॉर्डनच्या बुटांपासून बूट वर चढत गेले, त्यात हवा भरायचे पंप आले, पट्टे आले. घोटा वाचवायचा म्हणजे बांधून टाकायचा, हेच सगळ्या जाहिराती सांगत होत्या. क्लाइडच्या काळात खालचा बूट ही सवय होती, २००८ मध्ये ती उलट्या दिशेनं पोहणं होतं. आणि क्लाइडमध्ये टाच अशी धरलेली नव्हती, तो चपटा चामडी बूट होता. नुसतं कापड कापलं असतं तर मीही नऊवारीच म्हटलं असतं.

शीर तुटण्याचं मात्र तुम्ही चुकीच्या खात्यावर टाकताय. ती शीर पिंढरीला टाचेशी जोडते. पायाच्या पुढच्या भागावर जोर देऊन एकदम निघालं की तिच्यावर सगळा ताण येतो, आणि घोट्याभोवती कापड असलं-नसलं तरी तो तेवढाच येतो. दोन दिवस आधीचा पोर्टलंडचा सामना बघा. ३४ वर्षांचा माणूस, पूर्ण ४८ मिनिटं कोर्टवर, ४७ गुण. प्लेऑफमध्ये जायचं म्हणून आठवडाभर तो असाच खेळत होता. शीर बुटानं तोडली म्हणणं म्हणजे बैल रात्रंदिवस जुंपायचा आणि कोसळला की नालेला दोष द्यायचा. (तुटल्यावरही दोन फ्री थ्रो टाकूनच बाहेर गेला, दोन्ही आत. हे लिहिल्याशिवाय माझ्यातला भक्त गप्प बसत नाही.)

आणि अटलांटात तो उडी मारून डाहंते जोन्सच्या पायावर उतरला. २००० च्या अंतिम लढतीतही तेच झालं होतं, जेलन रोझच्या पायावर उतरला, घोटा गेला, पुढचा सामना बुडाला. दोन्हीकडे पायाखाली जमीन नव्हती, दुसऱ्याचा पाय होता.

---

पोस्टमध्ये उभा

उंची ६ फूट ४, वजन १०४ (जेवणाआधी). आंतरकॉलेजपासून सेंटर खेळतोय. हा सगळा वाद गार्ड मंडळींचा आहे. तुम्ही वळता, आम्ही आदळतो.

मी कोबी ५ घालून एक मोसम खेळलो, मित्राकडून घेतलेले. पाचवा चौथ्याहूनही हलका आणि खाली. पहिले दोन आठवडे स्वर्ग. जमीन अशी जाणवायची की जणू अनवाणी आहे. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यांनी तक्रार केली. पाय जमिनीजवळ आणला म्हणजे मधला फोम कमी केला, हे कुणी बोलत नाही. ८५ किलोच्या माणसाला जी 'कोर्टची जाण' वाटते ती १०४ किलोला हातोडी वाटते. घोटा एकदाही मुरगळला नाही, तेवढं प्रामाणिकपणे सांगतो. पण परत घालणार नाही.

कोबीचा बूट कोबीसाठी होता. त्याच्यासारखा फेडअवे मारायचा तर मागं झेपावताना टाच सुटून चालत नाही, मान्य. मी आयुष्यात फेडअवे मारलेला नाही. मला टाचेखाली गादी पाहिजे.

---

चिवडा_बिनशेंगदाण्याचा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. काका विरुद्ध भक्त, दुसरा क्वार्टर.

---

झेलम

फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेजच्या संघाबरोबर काम करते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं चुकीचं ठरवते, मग मला कुणीच धन्यवाद देणार नाही.

उंच बूट विरुद्ध खालचा बूट ही तुलना अमेरिकेत प्रत्यक्ष करून झालेली आहे, १९९३ चा अभ्यास. कॉलेजातले ६२२ खेळाडू घेतले, चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: उंच बूट, हवा भरायच्या कप्प्यांचे उंच बूट आणि खालचे बूट. मोसमभर खेळवलं. गटागटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आठ-चोवीस खूश झाले असतील. थांबा. अख्ख्या मोसमात मुरगळलेले घोटे मिळून १५. एवढ्याशा आकड्यावरून 'फरक नाही' आणि 'फरक दिसला नाही' यातलं काय म्हणायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. प्रयोगशाळेत, हलणाऱ्या फळीवर पाय ठेवून मोजलं की उंच कॉलरनं घोट्याचं आत वळणं थोडं कमी होतं, हेही खरं. म्हणजे काकांचा बूट अगदीच निरुपयोगी नाही.

आता २००१ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास, १०,००० वर खेळाडूंचा. घोटा दुखावण्याची शक्यता कशानं वाढते ते शोधलं. सगळ्यांत वर काय आलं? आधी कधीतरी घोटा दुखावलेला असणं. अशा खेळाडूंना धोका जवळजवळ ५ पट. दुसरं कारण वाचून आठ-चोवीस यांनी पाणी प्यावं: टाचेत हवेचे कप्पे असलेले बूट. धोका ४ पटींहून जास्त. आणि कोबी ४ च्या टाचेत काय आहे? झूम एअर, म्हणजे हवेचाच कप्पा. जवळपास निम्म्या दुखापती उडीवरून उतरताना झालेल्या होत्या, हेही त्याच अभ्यासात.

घोटा मुरगळतो तेव्हा पाऊल आत वळतं आणि बोटं खाली असतात. हे इतक्या झटक्यात होतं की बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना खबर पोचून ते आवळले जाईपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून पाय टेकायच्या आधीच ते तयार असावे लागतात. ती तयारी शिकवावी लागते. एका पायावर उभं राहून दात घासा असं मी पोरांना सांगते, नंतर तेच डोळे मिटून. हसतात, पण दोन महिन्यांनी बँडेजचा खप कमी झालेला मला दिसतो.

एनबीएतल्या स्टेफ करीचं उदाहरण घ्या. २०११ आणि २०१२, उजव्या घोट्यावर दोन शस्त्रक्रिया. तो वाचला तो कमरेची आणि मांड्यांची ताकद वाढवून, आणि दोन्ही घोट्यांना ब्रेस लावून. आधार पाहिजे असेल तर ब्रेस हे खरं साधन आहे. बुटाची कॉलर म्हणजे मफलर, ऊब देते, मान धरत नाही.

---

सिमेंटकोर्ट

झेलमताई, धन्यवाद म्हणणारा मी पहिला. मफलरवर मात्र आक्षेप. मफलर घातला की माणूस मान जपून वागतो.

हवेच्या कप्प्यांचं हे ऐकलं नव्हतं. आता हा भक्त काय म्हणतो बघू.

---

आठ-चोवीस

पाणी प्यायलो.

माझी समजूत सांगतो, ताई चूक असेल तिथं पकडतील. त्या अभ्यासाच्या काळातले टाचेतले कप्पे म्हणजे बहुतेक जाड, फुगीर फुगे. टाच जमिनीपासून उंच जायची आणि वर डुगडुगायची. उंची वाढली की वळण्याचा जोरही वाढतो, शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहिल्यासारखं. झूम हा चपटा कप्पा आहे, आत उभे ताणलेले धागे असतात, दाबला की लगेच जागेवर येतो. दोन्हींना 'हवा' म्हणतात म्हणून ते एकच नव्हेत.

आणि बघा, हे माझ्याच बाजूचं निघालं की. घोट्याचं नशीब वरच्या कॉलरपेक्षा टाच जमिनीपासून किती वर आहे आणि आत किती घट्ट आहे यावर ठरतं. कोबी ४ नं नेमकं तेच केलं.

---

झेलम

समजूत पटण्यासारखी आहे. पण तो अभ्यास जाड आणि चपटं असं वेगळं मोजत नाही, त्यामुळे 'माझ्या बाजूचं निघालं' हे तुम्ही काढलंत, त्यांनी नाही.

---

सॅन होजेकर

इथून लिहितोय म्हणून वेगळं दिसतंय ते सांगतो. माझी मुलगी हायस्कूल संघात खेळते. तिच्या संघातल्या निम्म्या मुलींना कोबी ६ हवाय, सापाच्या खवल्यांची नक्षी असलेला. या मुलींनी कोबीला खेळताना पाहिलेलं नाही. तो निवृत्त झाला तेव्हा (एप्रिल २०१६, शेवटच्या सामन्यात ६०) त्या बालवाडीत होत्या. त्या बूट मागतात कारण त्यांच्या आवडत्या खेळाडू घालतात. म्हणजे हे निव्वळ आठवणींचं दुकान नाही.

पण मिळतो का? कोबी गेला २६ जानेवारी २०२० ला. एप्रिल २०२१ मध्ये नायकीशी करार संपला, मार्च २०२२ मध्ये कोबीची पत्नी व्हनेसा आणि कंपनीचं पुन्हा जमलं. तेव्हापासून 'प्रोट्रो' म्हणजे जुना चेहरा, आतला गाभा नवा, अशा आवृत्त्या पुन्हा येऊ लागल्यात, आणि थोड्या थोड्या येतात. सकाळी फोन घेऊन बसायचं, नंबर लागला तर लागला. लागला नाही तर तोच बूट दुपारी दुप्पट भावात दुसऱ्याकडे. घेणाऱ्यांतले कित्येक तो पायात घालतच नाहीत, खोक्यात ठेवतात.

खेळण्यासाठी एवढा विचार करून केलेला बूट आणि तो कपाटात. अ‍ॅव्हारनं टाचेचा खळगा खोक्यासाठी कोरला होता का? या बाबतीत हिशोबनीस बरोबर आहेत.

---

हिशोबनीस

नोंद घेतली. कुणीतरी मला बरोबर म्हणाल्याची तारीख लिहून ठेवतो.

---

अनवाणी

तुम्ही सगळे लाकडी फरशीचं बोलताय. आमच्याकडे कोर्ट सिमेंटचं, वर धूळ, बाजूला पिंपळ. शहरातल्या एका दुकानातून मी खालच्या कापाचा, हलका, 'इम्पोर्टेड' बूट घेतला. दुकानदारानं शपथेवर सांगितलं की सोल दोन वर्षं जातो. तीन महिन्यांत अंगठ्याखालची नक्षी गुळगुळीत. परत नेला तर म्हणे तुम्ही चुकीच्या जमिनीवर वापरला. जमीन काय मी निवडली?

हलक्या बुटाचा रबरही पातळ असतो. सिमेंट त्याला किसणीसारखं खातं. नक्षी गेली की पाय थांबत नाही, आणि पाय थांबला नाही की घोटा उंच असो नाहीतर उघडा. माझ्या मते आपल्याकडे पहिला प्रश्न काप नाही, रबर आहे.

---

पोस्टमध्ये उभा

+१. खेळायच्या आधी ओल्या फडक्यावर पाय पुसणारे आम्ही एकटेच नाही म्हणजे.

---

आठ-चोवीस

अनवाणी, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. चुलतभावाची जोडी एवढी वर्षं टिकली ती तो बंदिस्त लाकडी कोर्टवर खेळायचा म्हणून. मी तीच सिमेंटवर दोन महिने वापरली आणि तेव्हाच ती गेली. डिंकाला उगाच दोष दिला वर.

काका, तुमच्या कोबी ९ च्या मुद्द्याला मी बगल दिली होती, आता सांगतो. तो उंच बूट शीर तुटल्यावर बाजारात आला, टाचेवर शस्त्रक्रियेच्या खुणेचे ९ लाल टाके काढले, म्हणून तो प्लास्टरसारखा वाटतो. पण वरचा भाग फ्लायनिट आहे, म्हणजे विणलेला मोज्यासारखा कपडा. मुष्टियोद्ध्याचे बूट असेच असतात, उंच पण मऊ. तो घोटा धरत नाही, घोट्याला फक्त स्पर्श करतो. आणि त्याच बुटाची खालच्या कापाची आवृत्तीही निघाली, पुढचा १० दोन्ही कापांत आला, ११ खालच्या कापातच रमला. ६० गुणांचा निरोप ११ घालूनच.

तरी एक कबूल करतो. 'निकाल लागला' असं मी कोर्टवर म्हणालो ते जरा जास्तच झालं. एनबीएवाले खालचे बूट घालतात, पण त्यांच्या घोट्यांना सामन्याआधी टेप गुंडाळून देणारा माणूस असतो. आपल्या पोरांना कोण देतो? जाहिरातीत बूट दिसतो, टेप मोज्याखाली.

---

सिमेंटकोर्ट

हे तू परवाच म्हणाला असतास तर माझा चहा गार झाला नसता.

टेपचं पटलं. मोठ्या गटातल्या ज्यांना खालचे बूट घालायचेत त्यांना घालू देईन, पण आधी झेलमताईंची परीक्षा. लहान गटाला मात्र अजून उंचच. मफलर म्हणा नाहीतर काहीही, पोरं लेस शेवटच्या भोकापर्यंत बांधतात तेवढी तरी शिस्त लागते.

आज त्या पास न देणाऱ्याला एका पायावर उभा केला, डोळे मिटून. डाव्यावर ३४ सेकंद.

---

झेलम

छान आहे की. उजव्यावर?

---

सिमेंटकोर्ट

६. मग बोलता झाला. गेल्या गणपतीत ढोल वाजवताना मुरगळला होता म्हणे, दोन आठवडे घरी लंगडत होता. मला आजवर सांगितलं नव्हतं.